कृष्णेचं पाणी नेमकं कुणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात कर्नाटकातलं अलमट्टी धरण आणि उन्हाळ्यात आपलं कोयना, वर्षातून दोनदा तरी हा विषय पेटतोच आणि दरवेळी तेच प्रश्न, तीच भांडणं, तेच अर्धवट आकडे फिरत असतात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. वकिली भाषा शक्यतो टाळलीय, आकडे मात्र टाळता येत नाहीत, कारण या विषयात आकडा सोडला की उरते ती नुसती अस्मिता.

कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, पाऊस पडतो आपल्या सह्याद्रीत, मग पाणी आपलंच नाही का?

नाही. आणि हे ऐकून पहिल्या झटक्यात राग येतो हे मान्य आहे.

आपल्याकडे वाहती नदी कुठल्याच राज्याच्या मालकीची नसते, राज्याला फक्त वापराचा हक्क असतो. घटनेत पाणी राज्य सूचीत आहे (नोंद १७), पण तिथेच लिहिलंय की आंतरराज्य नद्यांबाबत केंद्र सूचीतली नोंद ५६ वरचढ. त्यात कलम २६२ म्हणतं की अशा तंट्यांसाठी संसदेने वेगळी व्यवस्था करावी, म्हणून १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा आला. "माझ्या हद्दीत पडलं ते माझं" असा दावा १८९५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोविरुद्ध करून बघितला होता, पुढे त्यांनी स्वतःच तो सोडून दिला.

तरी पटत नसेल तर नागपूरच्या माणसाला विचारा. पेंच नदी वरून मध्य प्रदेशातून येते, तिकडे चौराई धरण झालं आणि इकडे नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं, २०१९ मध्ये नागपुरात पाण्याची बोंब झाली. तिथे आपण खाली आहोत. म्हणजे सांगलीत बसून वरच्याचा हक्क सांगायचा आणि नागपुरात बसून खालच्याचा, असं एकाच राज्याला करता येत नाही. (करतात सगळेच, तो भाग वेगळा.)

टीएमसी म्हणजे किती पाणी?

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी लिटर. डोक्यात काहीच चित्र येत नाही ना? आता हे बघा. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं, "जलदूत" एक्स्प्रेस. सुरुवातीला १० वाघिणी होत्या, मग ५० वाघिणींची गाडी झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. त्या ५० वाघिणींच्या हिशोबाने एक टीएमसी न्यायला अकरा हजार तीनशेच्या वर खेपा लागतील, रोज एक गाडी धरली तर एकतीस वर्षं.

दुसरा उपयोगी हिशोब म्हणजे धरणातून ११,५७४ क्युसेकने (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पूर्ण २४ तास विसर्ग चालू ठेवला की एक टीएमसी जातं. बातमीत "५० हजार क्युसेक सोडले" वाचलं की लगेच कळतं, दिवसाला सव्वाचार टीएमसी गेलं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे आणि अलमट्टीची सध्याच्या उंचीला १२३.

बच्छावत लवादाने कुणाला किती दिलं?

१९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला, डिसेंबर १९७३ मध्ये निकाल आला, स्पष्टीकरणं वगैरे होऊन ३१ मे १९७६ ला राजपत्रात छापला. एकूण २,०६० टीएमसी पाणी धरलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, तेव्हाच्या एकसंध आंध्राला ८००.

मग लोक ५८५ म्हणतात ते कुठून आलं?

शेताला दिलेल्या पाण्यातलं काही झिरपून परत नदीला येतं. त्याचे पुढे टप्प्याटप्प्याने महाराष्ट्राला २५, कर्नाटकला ३४ आणि आंध्राला ११ मिळाले. ५६० अधिक २५, झाले ५८५. दोन्ही आकडे बरोबर आहेत, उगाच एकमेकांना खोटं पाडू नका.

हे वाटप ठरवलं कुठल्या निकषावर? लोकसंख्या? क्षेत्रफळ? पाऊस?

खोऱ्यातलं क्षेत्र बघितलं तर महाराष्ट्राचा वाटा साधारण २७ टक्के, कर्नाटकचा ४४ आणि आंध्र-तेलंगण मिळून २९. आता ५६०, ७००, ८०० शेजारी ठेवा, महाराष्ट्राचं जुळतं, पण कर्नाटक आणि आंध्राचं अजिबात जुळत नाही. कारण लवादाने असं एका फुटपट्टीने मोजलंच नाही.

सगळ्यात वजन पडलं ते आधीपासून चालू असलेल्या वापराला. सप्टेंबर १९६० पर्यंत चालू असलेले किंवा हाती घेतलेले प्रकल्प आधी सांभाळायचे, उरेल ते बाकीच्या मागण्यांना, असा एकूण रोख होता. विजयवाड्याजवळ इंग्रजांनी १८५५ मध्येच बंधारा पूर्ण केला होता (त्याच्या जागी आता प्रकाशम बॅरेज), म्हणजे तिथला भात शंभर वर्षांहून जास्त काळ कृष्णेवर पोसलेला, शिवाय नागार्जुनसागर धरण आधीच हातात घेतलेलं. आपल्याकडे कोयना होती, ती वीज करणारी. माण, जत, आटपाडी, सांगोला या कोरड्या पट्ट्यात पाणी चढवायच्या योजना तेव्हा कागदावर सुद्धा धड नव्हत्या.

म्हणजे ज्याने आधी बांधलं त्याला जास्त, हे सरळ म्हणायला हवं. यात अन्याय आहे का? आहे, थोडा आहे, कारण गरीब कोरडवाहू भागाकडे आधी बांधायला पैसाच नसतो. पण दुसरी बाजू बघा, शंभर वर्षं ज्याची शेती त्या पाण्यावर उभी आहे त्याचा कालवा एका सहीने बंद करणं हाही न्याय नव्हे. लवादाने पहिला अन्याय पत्करला. त्यांच्या जागी मी असतो तरी बहुतेक तेच केलं असतं, फक्त कोरड्या तालुक्यांसाठी थोडा वाटा बाजूला काढून ठेवला असता.

आणि याच नियमामुळे पुढे सगळ्या राज्यांना एक रोग जडला, आधी वापरून दाखवायचं, मग हक्क सांगायचा. बच्छावत निवाड्यात लिहिलं होतं की ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकतो. झालं, महाराष्ट्राने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभा केला, एकाच वेळी ढीगभर कामं सुरू केली, कारण तोपर्यंत पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल ही भीती. त्यातली कित्येक कामं पुढे वर्षानुवर्षं अर्धवट राहिली, कुठे पंप आले तर कालवा नाही, कुठे कालवा झाला तर वीजबिल भरायला कुणी नाही.

७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे काय?

नदीला दरवर्षी सारखं पाणी येत नाही. बच्छावत लवादाने १८९४-९५ पासून ७८ वर्षांची आकडेवारी घेतली आणि असा आकडा शोधला की शंभरातली ७५ वर्षं निदान तेवढं पाणी येतंच. तो आकडा २,०६०. म्हणजे चार वर्षांतून एक वर्ष त्याहून कमी येणार, हे पहिल्यापासून गृहीतच आहे. विश्वासार्हता जितकी कमी धराल तितकं वाटायला पाणी जास्त दिसतं, पण ते दरवर्षी मिळेल याचा भरवसा तितकाच कमी.

मग त्या चौथ्या वर्षी काय होतं? पाऊस कमी झाला तर तुटवडा कोण सोसतं?

हा खरा प्रश्न आहे आणि हा सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

चांगल्या वर्षी वाटपाचं भांडण नसतंच. सांडवे वाहत असतात, खाली श्रीशैलम धरणाचे दरवाजे उघडे, पाणी समुद्राला चाललेलं. वाटप न्याय्य आहे का नाही ते कळतं फक्त वाईट वर्षी. आणि नेमकं तिथेच बच्छावत निवाडा मुका आहे. लवादाने दोन योजना मांडल्या होत्या. पहिली, म्हणजे आता चालू असलेली, नुसती कमाल मर्यादा घालून देते: तुम्ही एवढ्याच्या वर वापरायचं नाही. दुसऱ्या योजनेत कृष्णा खोऱ्यासाठी एक प्राधिकरण असणार होतं आणि त्या त्या वर्षी जेवढं पाणी येईल त्याप्रमाणे, जास्त असो की कमी, वाटून द्यायचं होतं. ती दुसरी योजना आलीच नाही, कारण तसं प्राधिकरण व्हायला राज्यांची सहमती किंवा संसदेचा कायदा लागत होता आणि दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

आता पहिल्या योजनेचा अर्थ नीट लक्षात घ्या. कमी पावसाच्या वर्षी वरचं राज्य आपली मर्यादा न ओलांडता स्वतःची धरणं भरून घेऊ शकतं, नियम काहीच मोडला नाही, आणि खालच्याला उरेल ते. तुटवडा खाली ढकलला जातो. लवादाला हे दिसत होतं, म्हणून त्यांनी आंध्राला दोन गोष्टी दिल्या: एक म्हणजे श्रीशैलम आणि नागार्जुनसागरात १५० टीएमसीपर्यंत पाणी पुढच्या वर्षासाठी शिल्लक ठेवायची मुभा, आणि दुसरी म्हणजे मर्यादेच्या वर जे पाणी उरेल ते वापरायची मोकळीक, पण त्यावर हक्क सांगायचा नाही. आंध्राने त्या मोकळिकीवर मोठमोठे प्रकल्प उभे केले आणि पुढे हक्कही सांगितला. अहो, कालवा खोदला, लोकांनी भात लावला, मग "हे तात्पुरतं होतं हं" असं कोण कुणाला सांगणार.

कावेरीत हेच चित्र जास्त उघडं दिसतं. तिथे कर्नाटकने तमिळनाडूला किती सोडायचं याचा महिन्यावार तक्ताच आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये वर्षाचा आकडा १९२ वरून १७७.२५ टीएमसी केला आणि अंमलबजावणीसाठी कावेरी पाणी व्यवस्थापन प्राधिकरण बसवलं. पाऊस बरा झाला त्या वर्षी कुणाला ते प्राधिकरण आठवतही नाही. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला आणि लगेच बेंगळुरू बंद, मंड्यात रास्ता रोको, कोर्टात धाव. तिथेही तुटीच्या वर्षी किती टक्के तूट कुणी घ्यायची याचं सगळ्यांनी मान्य केलेलं सूत्र नाही, बैठकीत बसून ठरवतात. पण निदान बैठक तरी होते. कृष्णेत महाराष्ट्र आणि कर्नाटकला एकत्र बसवणारं तसं मंडळही नाही.

त्यामुळे कुणी "आपला वाटा ६६६ का ९०७" यावर हमरीतुमरीवर आलं की मी एकच विचारतो, त्यातलं दुष्काळात किती?

६६६ आणि ९०७ हे आकडे कुठले?

दुसऱ्या लवादाचे. न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा लवाद एप्रिल २००४ मध्ये नेमला, निकाल ३० डिसेंबर २०१० ला, पुढचा अहवाल २९ नोव्हेंबर २०१३ ला. यांनी १९६१-६२ पासूनची ४७ वर्षांची आकडेवारी घेतली, ७५ च्या जोडीला ६५ टक्के विश्वासार्हता धरली आणि त्याच्याही वर सरासरीपर्यंतचं पाणी वाटून टाकलं. एकूण २,५७८ टीएमसी: महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७, आंध्र १,००५.

म्हणजे वाटायचं पाणी ५०० टीएमसीच्या आसपास वाढलं. ढग वाढले नाहीत, फक्त भरवशाची पट्टी खाली आणली. आंध्राचा मुख्य आक्षेप हाच आहे की आम्ही ज्या जादा पाण्यावर जगत होतो तेच तुम्ही वाटून टाकलं. मला महाराष्ट्राचे ८१ टीएमसी वाढलेले आवडतील की, पण त्यांचा मुद्दा खोटा नाही.

निकाल २०१३ चा, मग अजून लागू का नाही?

लवादाचा निकाल केंद्राने राजपत्रात छापल्याशिवाय लागू होत नाही. छापला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाइतकं वजन येतं. आंध्र कोर्टात गेलं, सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छापू नका म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून ते तसंच आहे. आज कागदोपत्री जे चालतं ते १९७६ चंच. तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतःच आजोबा व्हायला लागलीत.

कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पाणीतंट्यात कोर्टाने पडायचं नाही, असं असताना हे कसं, असं काही जण विचारतात. मूळ तंटा कोर्टात नेता येत नाही हे खरं, पण लवादाच्या निकालावर विशेष परवानगीने अपील ऐकू शकतो असं सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या प्रकरणात सांगितलं.

सगळे मिळून एकच कायमचा लवाद का नेमत नाहीत?

विधेयक आलं होतं. जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, तिथेच संपलं. तसंही १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही, त्यामुळे कायदा केला की काम झालं असं समजू नका.

अलमट्टीमुळे सांगली-कोल्हापूर बुडतं का?

यावर घराघरात दोन पक्ष आहेत. माहिती आधी देतो, मत नंतर.

अलमट्टीची पातळी सध्या ५१९.६ मीटर, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तेवढीच परवानगी दिली. ब्रिजेशकुमार लवादाने ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला मान्यता दिली, पण निवाडा राजपत्रात नाही म्हणून ते थांबलंय. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी कर्नाटकला पत्र लिहून उंची वाढवायला विरोध केला. दुसरीकडे २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, भयंकर पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं यांच्याकडे बोट दाखवलं. ते कुणाला फारसं आवडलं नाही, कारण पूररेषेत आपलेच बंगले आणि आपलीच मंगल कार्यालयं आहेत.

माझं मत: २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ आहे. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा (पुराचं पाणी दत्त मंदिरात येऊन दक्षिण दारातून बाहेर पडतं तो) झाला म्हणून आनंदाने स्नानाला जाणारे लोक चार दिवसांत छपरावर बसून बोटीची वाट बघत होते. एवढा पूर एका धरणाच्या फुगवट्याने येत नाही. पण म्हणून अलमट्टीचं नियमन महत्त्वाचं नाही असंही नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अलमट्टीत किती पाणी धरायचं, कोयना-वारणेतून विसर्ग वाढला की तिकडून किती आधी वाढवायचा, मधल्या हिप्परगी बॅरेजची दारं कधी उघडायची, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांनी तासातासाला बोलून ठरवायचं असतं. २०१९ नंतर ते बरंच सुधारलंय. उंची वाढवण्याला विरोध करताना मात्र पूर कसा वाढेल याचा नीट अभ्यास टेबलावर ठेवायला हवा, नुसत्या भावनेवर लवाद बधत नाही.

कोयनेचं पाणी आपण कोकणात सोडून समुद्रात घालवतो, मग आपल्याला तुटवड्याचं रडायचा हक्क आहे का?

झोंबणारा प्रश्न आहे पण बरोबर आहे. कोयनेचं पाणी वीज तयार करून वाशिष्ठी नदीत जातं, तिथून चिपळूणवरून समुद्राला. बच्छावत लवादाने यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. टाटांची मुळशी, ठोकरवाडी वगैरे धरणं भीमा खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला वळवतात, त्यांना एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. (मुळशीच्या धरणाला सेनापती बापटांनी १९२१ मध्येच सत्याग्रह करून विरोध केला होता, तो जमिनींसाठी होता.)

दोन्ही मिळून शंभरेक टीएमसी पाणी खोऱ्याबाहेर. आंध्र रायलसीमेला खोऱ्याबाहेर पाणी नेतं म्हणून आपण ओरडतो तेव्हा ते हेच दाखवतात. दुष्काळी वर्षी वीज कमी करून पाणी पूर्वेला सोडा ही मागणी सोलापूर-सांगलीकडून दरवेळी होते, माझ्या मते ती रास्त आहे, वीज दुसरीकडून घेता येते. पण कोयनेची वीज संध्याकाळच्या जास्त मागणीच्या वेळी लगेच चालू करता येते, त्यामुळे वीजवाले सहजासहजी सोडत नाहीत.

उन्हाळ्यात आपल्यालाच पाणी नसताना कर्नाटकला का सोडायचं?

एप्रिल-मे मध्ये तिकडच्या अथणी-चिकोडी पट्ट्यात नदी कोरडी पडते, पिण्याच्या पाण्याची मागणी येते आणि कोयना-वारणेतून काही वेळा सोडलं जातं. कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा शिरोळ तालुक्यातला राजापूर. तिथे जाऊन बघा एकदा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, खांबांच्या खाचांत लाकडी-लोखंडी बर्गे एकावर एक बसवलेले, वरच्या बाजूला पाणी फुगलेलं, खाली वाळूत चार डबकी. बर्गे काढले की दोन दिवसांत वरच्या शेतकऱ्याच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि तो भडकतो, नाही काढले तर पलीकडच्या गावात टँकर. आंतरराज्य पाणीतंटा म्हणजे शेवटी हे दोघं, आणि दोघांची सोयरीक सुद्धा असू शकते एकमेकांत.

यातून एक चांगला मार्ग सुचवला गेला होता: आपण उन्हाळ्यात कृष्णेतून त्यांना पाणी द्यायचं आणि बदल्यात त्यांनी तुबची-बबलेश्वर योजनेतून जतच्या पूर्व भागाला द्यायचं, कारण त्यांचा कालवा जतच्या सीमेला अगदी लागून आहे आणि आपल्याला तिथवर पाणी न्यायला कित्येक टप्प्यांनी उचलावं लागतं. इतका सरळ सौदा वर्षानुवर्षं नुसत्या चर्चेत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांच्या जुन्या ठरावाची आठवण काढून "ती गावं आमच्यात यायला तयार" म्हटलं आणि इकडे खळबळ उडाली, मग घाईघाईने विस्तारित म्हैसाळ योजनेची घोषणा झाली. गावकऱ्यांना राज्य बदलायची हौस नव्हती हो, त्यांना पाणी पाहिजे होतं.

म्हणजे राज्याच्या आतही अन्याय आहेच ना?

आहेच, आणि त्याच्यावर लवाद काही करू शकत नाही. लवाद पाणी राज्याला देतो, तालुक्याला नाही. महाराष्ट्राच्या वाट्यातलं पाणी नदीकाठच्या उसाला किती आणि जत-माणच्या ज्वारी-डाळिंबाला किती हे मुंबईत ठरतं. धाराशिव आणि बीडमधल्या आष्टीचा भाग कृष्णा खोऱ्यात येतो, कृष्णा-मराठवाडा योजनेची मागणी २३.६६ टीएमसीची, मंजुरी मिळाली ७ टीएमसीची.

आणि हेच भांडण गोदावरीत नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असं चालतं. तिथे निदान २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे आणि मेंढेगिरी समितीचं सूत्र: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, नगर-नाशिककडून आंदोलनं झाली, कोर्टात गेले, पण शेवटी पाणी सुटलं. भांडून का होईना, तुटीच्या वर्षाचं सूत्र तिथे लिहिलेलं आहे. एका राज्यातल्या दोन विभागांना जे जमलं ते दोन राज्यांना अजून नाही.

तेलंगण वेगळं झाल्यावर काय बदललं?

महाराष्ट्र-कर्नाटकच्या वाट्यात काही नाही. जुन्या आंध्राचे ८११ टीएमसी दोघांत वाटायचे आहेत, २०१५ पासून तात्पुरते ५१२ आंध्राला आणि २९९ तेलंगणाला. तेलंगण म्हणतं खोऱ्याचा मोठा भाग आमच्याकडे, आम्हाला जास्त हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने हे काम पुन्हा ब्रिजेशकुमार लवादाकडेच दिलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, तेलंगणात मतदानाच्या आदल्या रात्री, आंध्रचे पोलीस नागार्जुनसागर धरणावर चढले, अर्धं धरण ताब्यात घेतलं आणि उजव्या कालव्याला पाणी सोडलं. शेवटी केंद्रीय राखीव दल आणून बसवावं लागलं. एका देशातली दोन राज्यं, भाषाही एकच.

करार करून कधी काही सुटलंय का, की सगळं कोर्टातच?

सुटलंय की. चेन्नईला पिण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी प्रत्येकी ५ टीएमसी द्यायचं १९७६ मध्ये मान्य केलं, तेच तेलुगू गंगा योजनेचं १५ टीएमसी. चेन्नई कृष्णा खोऱ्यात येत सुद्धा नाही. गोदावरीचा तंटाही बराचसा राज्यांनी आपापसात केलेल्या करारांवर मिटला, लवादाने १९८० मध्ये त्यावर शिक्का मारला. त्यात असंही ठरलं की आंध्रातल्या पोलावरम धरणातून ८० टीएमसी गोदावरीचं पाणी कृष्णेत आणलं तर वरच्या राज्यांना कृष्णेत बदली वाटा, कर्नाटकला २१, महाराष्ट्राला १४.

गोव्याची म्हादई यातच येते का?

नाही, ती वेगळी नदी, वेगळा लवाद. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी. पण तिथला मुद्दा वेगळा आहे, कर्नाटकला कळसा-भांडुरा या तिच्या उपनद्यांचं पाणी खोऱ्याबाहेर मलप्रभेत न्यायचंय (जी पुढे कृष्णेलाच मिळते) आणि गोव्याला भीती आहे की खाली गोडं पाणी कमी झालं तर खाडीचं खारं पाणी वर चढेल.

शेतकरी म्हणून मी लवादाकडे जाऊ शकतो का?

थेट नाही. तंटा राज्य विरुद्ध राज्य असतो. तुमचा हक्क पाटबंधारे शाखेत सात नंबरचा फॉर्म (पाणी मागणी अर्ज) भरण्यापासून सुरू होतो. पाणी वापर संस्था असेल तर तिच्यामार्फत आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडायच्या पाळीच्या) बैठकीत बोला, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याने तर नक्कीच.

धरणातल्या पाण्याचे खरे आकडे कुठे बघायचे?

महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग रोजचा साठा टाकतो, कर्नाटकचाही येतो, आणि नदीतल्या प्रवाहासाठी केंद्रीय जल आयोगाची केंद्रं आहेत, आपल्या बाजूला कुरुंदवाडला एक आहे. दोन राज्यांच्या आकड्यांत फरक दिसला तर आयोगाचा धरा. बातमीतली टक्केवारी मात्र सांभाळून वाचा, ती बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते, एकूण साठ्याची नाही. जायकवाडीत शून्य टक्के दाखवतात तेव्हाही तळाला २६ टीएमसी मृतसाठा (दारांच्या पातळीखालचं, एरवी बाहेर न निघणारं पाणी) असू शकतो, आणि पैठण-संभाजीनगरचं पिण्याचं पाणी वाईट वर्षी त्यातूनच उपसतात. तुमच्या धरणाचा मृतसाठा किती आहे तो आकडा एकदा बघून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात लागेल.